गरम पाण्यावरची बियर

सिक्कीमच्या वरच्या अंगाला आमची एक पोस्ट होती. सत्तरच्या दशकाची सुरुवात. पाऊस संपत आला होता, पण संपला नव्हता. पोस्टवर आम्ही बारा जण. कमांडर नायब सुभेदार विठ्ठल जगताप. मी नायक बबन साळवे, गाव केंदूर, तालुका शिरूर. वायरलेसवर लान्स नायक सॅम्युएल भालेराव, राहणार दौंड, रेल्वे कॉलनी. पलटणीत त्याला सगळे सॅमू म्हणायचे.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यावर उभं राहायचं. मग हत्यारांची सफाई. त्या दमट हवेत रायफलीवर एका रात्रीत गंज धरायचा. मग चहा. मग दोघे-तिघे पाणी आणायला जायचे आणि बाकीचे बंकरच्या डागडुजीला लागायचे. माती सारखी सुटायची. जगताप साहेब रोज काठी घेऊन फिरायचे, भिंती टोचून बघायचे, पोती बदलायला लावायचे. साहेब कडक होते, पण जे काम सांगायचे त्याला आधी स्वतः हात लावायचे.

आठवड्यातून एकदा रेशन यायचं. खालच्या गावातले पोर्टर पाठीवर आणायचे. कपाळाला पट्टा, पाठीवर टोपली, आणि दोन-अडीच तासांची खडी चढण. खेचरंसुद्धा त्या वाटेवर पावसात पाऊल टाकत नसत. ती माणसं आली तर आमचा आटा, डाळ, रॉकेल यायचं. नाही आली तर नाही.

रमचा इश्यू मिळायचा. माझा वाटा मी दुसऱ्यांना द्यायचो. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. वस्तीतल्या सगळ्यांनी पंचशील घेतलं. त्यातलं पाचवं शील दारूचं. माझ्या आईनं ते फार मनावर घेतलं होतं. भरती होऊन निघालो तेव्हा एसटीच्या दारात तिनं एवढंच सांगितलं, "कुठं बी ऱ्हा, पर तोंडाला लावू नगंस." मी लावली नव्हती.

सॅमूही रम घेत नसे, पण त्याचं कारण वेगळं होतं. त्याला बियर लागायची. पीस स्टेशनला, म्हणजे सरहद्दीपासून लांबच्या छावणीत, असताना तो कॅन्टीनमधली आपली रमची बाटली दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून बियर घ्यायचा. जवान हसायचे. बियर म्हणजे विकतचं पाणी, असं सगळ्यांचं मत. त्यातही सॅमू नेमकी ती बाटली उचलायचा जिला कुणी हात लावत नसे. लेबल उडालेली, धूळ बसलेली. म्हणायचा, "बबन, हिला कुणी नीट प्यालंच न्हाई. सगळे चढायची वाट बघतात. चढली न्हाई की शिव्या घालतात."

हे त्याच्या घरातून आलं होतं. रजेवरून परतताना मी शिरूरहून एसटीनं दौंडला यायचो आणि तिथून मेल पकडायचो. एकदा आमच्या दोघांची रजा एकाच दिवशी संपली. गाडीला वेळ होता म्हणून सॅमू मला घरी घेऊन गेला. त्याचे वडील जोसेफ भालेराव वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर. कॉलनीत त्यांना सगळे आबा म्हणायचे. ड्यूटीवरून आले ते कोळशानं माखलेले. कोपरापर्यंत हात धुतले आणि मागच्या दारी बाजेवर बसले. सॅमूनं न्हाणीतून बाटली आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून बादलीत ठेवलेली. सॅमूच्या आईच्या स्वयंपाकघरात बाटली यायची नाही, असा त्या घरचा नियम होता. ती दर रविवारी चर्चला जाणारी बाई. आतूनच म्हणाली, "पाहुण्याच्या पोराला देऊ नका वो."

"घेतोस का?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. आमच्यात घेत न्हाईत."

"चांगलं हाय. मग नुसता वास घे."

मी पेला नाकाजवळ धरला.

"कशाचा येतोय?"

"भिजवलेल्या धान्याचा."

"मग? धान्यच हाय ते." आबांनी पेला परत घेतला. "लोकांना वाटतं डोकं फिरवंल तीच चांगली. मी दिवसभर आगीसमोर उभा ऱ्हातो. रम पिऊन आग विझती व्हय? ही हळूहळू प्यायची. कडू कुठं लागतं, गोड कुठं लागतं, बघत बसायचं. एकदा दुकानदार म्हणला, ही काळी बियर नासलीय, कुणी नेत न्हाई. मी म्हणलं, दे. करपल्या गुळावानी चव. अशी परत मिळाली न्हाई."

एक बाटली, तीही अर्धा-पाऊण तास. ती संपली की पेला स्वतः धुवून आबा जेवायला बसले. दारू पिणारा माणूस मी तोपर्यंत असा पाहिला नव्हता. आमच्या भागात दारू म्हणजे हातभट्टी, आणि ती पिणारा माणूस गटारीत किंवा चौकीत.

तर पोस्टवर आल्यावर सॅमूला पोर्टरांची बियर सापडली. ती माणसं वर आली की ओझी उतरवून बसायची. प्रत्येकाकडे एक लाकडी भांडं असायचं, उभट, झाकणाचं. आत आंबवलेला कोदो भरलेला. कोदो म्हणजे आपली नाचणीच. त्यावर उकळतं पाणी ओतायचं, थोडा वेळ थांबायचं आणि बांबूच्या नळीनं ओढायचं. पाणी संपलं की पुन्हा गरम पाणी. त्या भांड्याला आणि त्या पेयालाही ते तोंगबा म्हणत. आमचे जवान नाकं मुरडायचे. कुणी खरकटं म्हणायचं, कुणी जनावरांचं आंबोण. सॅमू पहिल्याच दिवशी त्यांच्यात जाऊन बसला. थोडी प्यायला. मग मला म्हणाला, "पप्पांना हिथं आणलं पायजे."

त्यानंतर रेशनच्या दिवसाची तो वाट बघायचा. दोन घोटांच्या वर कधी गेला नाही. ड्यूटीच्या आधी तर कधीच नाही.

पण दुसऱ्या एका शिपायाला तेवढं कळलं नाही. एका रेशनच्या दिवशी तो पोर्टरांजवळ बसून ओढत राहिला आणि त्याला लगेच संतरीवर उभं राहायचं होतं. जगताप साहेबांनी पाहिलं. शिपायाला पिठ्ठू लावला, म्हणजे पाठीवर वजन देऊन पळवलं, ते बरोबरच होतं. पण रागाच्या भरात त्यांनी पोर्टरांची भांडी बुटानं उलटी केली. सगळा कोदो चिखलात गेला. पोर्टर उठले. भांडी उचलली, टोपल्या उचलल्या आणि उतरून गेले.

पुढच्या आठवड्यात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. आट्याचं शेवटचं पोतं निघालं. मग एक याकवाला निरोप घेऊन आला. गावचा मुखिया, ज्याला तिकडं मंडल म्हणतात, त्यानं सांगितलं होतं : फौजेचा माणूस माझ्या घरी येऊन बसेल, पिईल, तेव्हा माझी माणसं येतील.

जगताप साहेबांनी ते ऐकलं. मग सॅमूला म्हणाले, "कंपनी लाव." सेटवर मेजर साहेब आले.

"साहेब, चूक माझी आहे. मी स्वतः खाली जातो. ओव्हर."

"निगेटिव्ह. या पावसात तुम्ही पोस्ट सोडायची नाही. एका नायकाला पाठवा. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

पोस्टवर नायक मी एकटाच होतो. सॅमूला सेट सोडता येत नव्हता. तो माझ्याकडे बघून हसत होता.

"साहेब, मी पीत नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. म्हणूनच तुला पाठवतोय. उठून चालत परत येशील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साळवे, त्याला सांग, साहेबाला लाज वाटते. असंच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. पाठीवर छोटा सेट, दर दोन तासांनी पोस्टशी बोलायचं. सॅमू वाटेच्या टोकापर्यंत आला. "हे बघ," तो म्हणाला, "पाणी वतलं की लगेच वढू नगंस. थांब. पहिलं पाणी कडक असतं, दुसरं चांगलं असतं, तिसरं सगळ्यात चांगलं. नळी तळाला लाव. आन् तोंड वाकडं करू नगंस, बाई समोर असती, तिनं केल्याली असती."

मंडल साठीचा असेल. घर लाकडाचं, जमिनीपासून वर उचललेलं. चुलीजवळ त्याची बायको बसली होती. त्यानं मला बसायला सांगितलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम्हारे साहब ने जमीन पर गिराया. आदमी को गिराता, तो चलता. अनाज गिराया."

"साहब को शर्म है," मी म्हणालो. "उन्होंने बोला है, ऐसे ही बोलना."

त्यानं बायकोला खूण केली. "पहले पियो. फिर बात."

बाईनं भांडं भरलं. कोदोचे दाणे लालसर, फुगलेले. वर उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि हातानं थांबायची खूण केली. मी थांबलो. आईचा चेहरा समोर आला. मनात म्हणालो, हुकूम आहे. आणि नळी तोंडाला लावली.

पहिलं पाणी कडकच होतं. बाईनं पुन्हा ओतलं. दुसरं पाणी ओढलं आणि मला काही सुधरेना. उन्हाळ्यात आमच्या घरी ज्वारीची आंबील असायची. तोच आंबूसपणा, पण गरम, आणि गिळल्यावर मागे राहणारी गोडी. सहा महिने अंगात मुरलेली थंडी पोटातून निघायला लागली. माझे बूट ओले होते आणि मला ते जाणवेना. तोंड वाकडं करायचा प्रश्नच आला नाही. मंडलची बायको हसली. तिनं नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि तोही हसला. मग बोलणं सोपं झालं. उद्या सकाळी माणसं रेशन घेऊन निघतील, असं ठरलं.

दोन वाजता मी सेट उघडला. सेटवर पोस्टचं नाव अल्फा, माझं ब्राव्हो.

"अल्फा, मी ब्राव्हो. काम झालं. उद्या सकाळी रेशन येतंय. ओव्हर."

"शाब्बास ब्राव्हो. साहेबांना सांगतो. चव कशी? ओव्हर."

सेटवर असं बोलायचं नसतं. कंपनीचं स्टेशनही त्याच फ्रिक्वेन्सीवर असतं. तरी मी बोललो.

"आंबिलीसारखी. ओव्हर."

"कितवं पाणी? ओव्हर."

"तिसरं लागतंय. ओव्हर."

तो हसला. सेटवर हसणं खरखरीसारखं येतं, पण त्याचं मला कळायचं. "सांगितलं होतं का न्हाई? अख्ख्या दुनियेनं हिला खरकट्यात काढलीय. माझ्यासाठी एक भांडं आण. साहेबांचं मी बघतो. आऊट."

बाईनं तिसरं पाणी ओतलं. मी निघायला हवं होतं असं नाही. पाऊस जोरात होता आणि परत निघायची वेळ साहेबांनी तीन दिली होती. मी बसून ओढत होतो. आधी मंडलनं हात वर केला. मग मला आवाज ऐकू आला. दौंडच्या यार्डात लांबून मालगाडी येते तसा. पण गाडी जवळ येते आणि निघून जाते. हा आवाज आला आणि बराच वेळ थांबलाच नाही. मग थांबला.

मी सेट उघडला.

"अल्फा, अल्फा, मी ब्राव्हो. ओव्हर."

खरखर.

"अल्फा, अल्फा, मी ब्राव्हो. ऐकू येतंय का? ओव्हर."

कंपनीचं स्टेशन आलं. "ब्राव्हो, अल्फाला काय झालंय? ओव्हर."

"माहीत नाही. डोंगर आलाय. मी वर जातोय. आऊट."

मंडल, त्याचे दोन भाऊ आणि गावातली मिळतील ती माणसं कुदळी घेऊन माझ्या पुढे धावली. ज्या वाटेला अडीच तास लागायचे ती कशी चढलो ते आठवत नाही. वर पोहोचलो तेव्हा पोस्टचा वरचा अर्धा भाग नव्हता. सेटचा बंकर, साहेबांचा बंकर आणि माझा बंकर, तिन्हींवरून डोंगर गेला होता. खालचे दोन बंकर वाकडे होऊन उभे होते. पाण्याला गेलेले दोघे वाचले होते. खालच्या बंकरमधले चौघे जखमी होते.

आम्ही कुदळीनं, हातानं, ताटांनी उकरलं. जखमींपैकी दत्तू नावाचा शिपाई होता, पाय मोडलेला. त्याला उचलून कोरड्या जागेवर नेताना माझं तोंड त्याच्या तोंडाजवळ आलं. त्यानं डोळे उघडले.

"पिऊन आलायस?" तो म्हणाला.

मी त्याला खाली ठेवलं आणि पुन्हा उकरायला गेलो. त्यानंतर मी तोंड बंद ठेवून काम केलं. कुणाला काही सांगायचं असलं तर खाली बघून सांगायचो. माणसं मातीखाली होती आणि मी माझ्या श्वासाचा वास लपवत होतो. एवढं मला आजही आठवतं. बाकी बरंच विसरलो.

अंधार पडायच्या आत कंपनीतून मेजर साहेब तीस माणसं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाचही जण सापडले. जिवंत कुणीच नव्हतं. सॅमू बसलेला सापडला, कानाला हेडफोन तसेच.

खाली नदीकाठच्या सपाट जागेवर त्यांना आणलं. चौघांना अग्नी दिला. सॅमूला पुरलं, रेशनच्या पेटीच्या फळ्यांचा क्रॉस केला. त्याआधी पाचही जण ओळीनं ठेवलेले असताना मंडलची बायको आली. सोबत दोन बाया, किटलीत गरम पाणी. तिनं प्रत्येकाच्या उशाशी एक तोंगबा ठेवला आणि पाणी ओतलं. जगताप साहेबांच्या उशाशीही ठेवला, तसाच भरलेला.

मेजर साहेबांनी मंडलला विचारलं, "ये क्या है?"

"दूर जाना है साहब," मंडल म्हणाला. "ठंडा है."

मेजर साहेबांनी टोपी काढली. आम्हीही काढल्या. पाच भांड्यांतून वाफ निघत होती. जगताप साहेबांचा निरोप मी मंडलला दिला होता, पण तो निरोप पोहोचला हे साहेबांना सांगायचं राहून गेलं होतं. सॅमूनं सांगितलं असेल. नसेलही.

नंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तंबूत टेबल, तीन ऑफिसर. मी सावधान उभा.

"तुम्ही पोस्टवर नव्हता?"

"नाही सर. हुकुमानं खाली होतो."

"अल्फाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"दोन वाजता सर."

"काय बोलणं झालं? धोक्याचा काही इशारा? माती सुटतेय वगैरे?"

"नाही सर."

"मग?"

"रेशन उद्या येतंय हे सांगितलं सर. मग बियरवर बोलणं झालं."

एका तरुण कॅप्टननं मान वर केली. "कशावर?"

"बियरवर सर. चवीवर."

मेजर साहेब कोपऱ्यात साक्षीदार म्हणून बसले होते. ते म्हणाले, "करेक्ट आहे. मी ऐकत होतो." एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्यावर काही ठपका आला नाही. येण्यासारखं नव्हतंच. मी हुकुमानं गेलो होतो, हुकुमानं प्यायलो होतो. पण प्यायचा हुकूम होता, आवडायचा हुकूम नव्हता. डोंगर सुटला त्या मिनिटाला मी तिसरं पाणी चवीनं ओढत होतो. हे कुठल्या कलमात बसतं मला माहीत नाही.

रजा मिळाली. शिरूरला उतरलो तर गावचे लोक स्टँडवर आलेले. केंदूरच्या शाळेत सत्कार ठेवला होता. पूर्वी आमच्या वस्तीकडे न फिरकणारे बागायतदार पुढच्या खुर्च्यांवर होते. सरपंच म्हणाले, "आमच्या गावच्या ह्या वाघानं नखांनी माती उकरली." शाल घातली, नारळ दिला. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्यानं हात धरला. "आन् तुम्ही कसं काय वाचलात वो?"

"रेशनच्या कामाला खाली गेलो होतो मामा."

"पुण्याई म्हणायची आईची."

आई शेजारीच उभी होती. नव्या लुगड्यात. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. शाल तिनंच घडी करून घेतली.

पौर्णिमेला विहारात गेलो. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायला लागलो. पाचव्याला माझा आवाज निघेना. शेजारी आई मोठ्यानं म्हणत होती. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शेतात तिच्याबरोबर खुरपताना मी तिला सांगितलं. ती खुरपत राहिली. वाफा संपल्यावर म्हणाली, "त्या बाईच्या घरी न्हाई म्हणला असतास तर दाणं आलं असतं का?"

"न्हाई."

"मग झालं." थोडं थांबून म्हणाली, "पर मला कशाला सांगितलंस?" त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. ती शाल मात्र कुणाला दाखवायला काढायची थांबली.

रजेचे चार दिवस राहिले तेव्हा दौंडला गेलो. आबांना रिटायर व्हायला थोडा अवकाश होता. घरात सॅमूचा युनिफॉर्मातला फोटो, शेजारी मेणबत्ती. त्याची ट्रंक पलटणीनं आधीच पोहोचवली होती. सॅमूच्या आईनं चहा दिला आणि समोर बसली. कबर कुठं आहे ते मी सांगितलं. नदी कुठल्या अंगाला, झाड कुठलं. आबा ऐकत होते, मध्ये मध्ये मान हलवत होते.

"त्रास झाला का त्याला?" आईनं विचारलं.

"न्हाई आई. लगीच झालं. बसल्याला होता."

"आदुगर काय बोलला? तुझ्यासंगं बोलणं झालं हुतं म्हणं. साहेबांच्या पत्रात हाय."

वाटेत एसटीत मी उत्तर ठरवून आलो होतो. ड्यूटीचं बोलणं झालं, असं सांगायचं. तिच्याकडे बघून ते सांगता आलं नाही.

"बियरचं बोलला," मी म्हणालो. "तिकडची एक असती, नाचणीची. गरम पाणी घालून पित्यात. त्याला लई आवडायची. मला इचारलं, चव कशी. मी सांगितलं."

आबांनी कप खाली ठेवला. आई माझ्याकडे बघत होती.

"मग?"

"मग हसला. म्हणला, माझ्यासाठी आण."

"प्रार्थना, देवाचं नाव, काय न्हाई?"

"न्हाई आई."

ती उठली आणि आत गेली. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आबा म्हणाले, "चव बघायची मीच लावली त्याला. बारका असल्यापासनं पेल्याचा वास घ्यायला यायचा." मग म्हणाले, "तुझी गाडी चुकंल."

स्टेशनपर्यंत सोडायला आले. प्लॅटफॉर्मवर कुठलंसं इंजिन पाणी घेत होतं. आबा तिकडं बघत राहिले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला. मला काही बोलायचं होतं, ती बियर खरंच चांगली होती, त्याचं म्हणणं बरोबर होतं, असं. पण ते त्या प्लॅटफॉर्मवर कसं बोलणार?

पुढच्या रजेत परत गेलो तेव्हा आबा रिटायर झाले होते. संध्याकाळी मागच्या दारी बाजेवर बसलो. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं, "सोडली. तोंडाला लावली की सॅमूची आई म्हणती काय न्हाई, पर आत जाऊन बसती. आन् मला बी चव लागत न्हाई." तीस वर्षं आगीसमोर उभं राहिलेल्या माणसाचा तेवढा एक पेला होता. तो माझ्या खरं बोलण्यानं गेला. सत्काराच्या, इन्क्वायरीच्या सगळ्या लाजेपेक्षा ही लाज मोठी आहे आणि ती उतरत नाही.

मी त्यानंतर कधी प्यायलो नाही. प्यावीशी वाटली नाही असं म्हणणार नाही. आता आमच्याकडे कारेगावपासून शिरूरपर्यंत रस्त्याला बियर शॉपी झाल्यात. कारखान्यातली पोरं दोन-दोन बाटल्या उभ्या-उभ्या संपवतात आणि रिकाम्या फेकून देतात. कुणी विचारलं तर मी सांगतो, जगातली सगळ्यात चांगली बियर नाचणीची असते, लाकडाच्या भांड्यात, आणि ती गरम पितात. पोरं हसतात. हसू देत. ते सांगायचं काम सॅमूचं होतं. तो नाही म्हणून मी सांगतो.

पाच जण गेले. नायब सुभेदार विठ्ठल जगताप. बिनदुधाचा चहा प्यायचे, तोही सगळ्यांचा झाल्यावर. लान्स नायक सॅम्युएल भालेराव, ज्याच्याबद्दल सांगितलं. शिपाई किसन ढवळे, ज्याला घरच्या म्हशीच्या दुधाशिवाय दुसरं काही गोड लागत नसे आणि जो आम्हाला त्या म्हशीचं नाव घेऊन गोष्टी सांगायचा. शिपाई रामभाऊ तांबे. माझ्या वाट्याची रम घ्यायचा आणि बदल्यात माझे मोजे धुवायचा, मी नको म्हटलं तरी.

आणि शिपाई अर्जुन मोरे. ट्रेनिंग सेंटरमधून नवा आलेला, एकोणीस-वीस वर्षांचा. माझ्याच बंकरमध्ये, माझ्या शेजारी झोपायचा. त्याला काय आवडायचं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.